सुनेसाठी वेगळं दळण

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "वैशालीला सिलिअॅक डिसीज आहे. गहू आता आयुष्यभर बंद."

मी वैशालीची सासू. क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात तिच्या शेजारी बसले होते. काहीतरी फार वाईट निघणार, या धास्तीनं आम्ही दोघी आलो होतो. त्यामुळं नुसता गहू बंद करायचा हे ऐकून मला आधी हायसंच वाटलं. मग एकेक आठवायला लागलं आणि माझी मान खाली गेली.

त्याआधीचे आठ-नऊ महिने ती वाळतच चालली होती. शाळेत शिकवून आली की आडवी व्हायची. पोट फुगायचं, जुलाब थांबत नव्हते, तोंड यायचं. हिमोग्लोबिन सातवर आलं होतं आणि लोहाच्या गोळ्यांनीही वर सरकत नव्हतं. माझा मुलगा संतोष शेंद्र्याला कंपनीत शिफ्टमध्ये, म्हणून तिचं खाणंपिणं मी बघायचे. तुपातला शिरा, दलियाची खीर, कणकेचे डिंकाचे लाडू. ती नको म्हणाली तर समोर बसून खायला लावायचे. आजकालच्या पोरींना बारीकच राहायचं असतं, असंही एकदा बोलून गेले. तिनं लाडू तेवढा खाल्ला.

ग्लुटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन. कणकेला ताण येतो तो त्याच्यामुळं. या आजारात ते पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. तिथली बारीक लव झडते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. हे कळायला आधी टीटीजी नावाची रक्ततपासणी झाली. मग एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आतून बघणं, आणि बायोप्सी, म्हणजे आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासणं. एक मुद्दाम सांगते. नुसती शंका आली म्हणून तपासणीआधीच गहू सोडू नका. मग आजार असूनही रिपोर्टमध्ये दिसत नाही.

हिनं खायचं तरी काय, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी उलट मलाच विचारलं, तुमचं गाव कोणतं, लहानपणी काय खायचात? मी म्हटलं, गाव करमाड. ज्वारीची भाकरी, थंडीत बाजरीची.

"तेच हिला द्या," त्या म्हणाल्या.

ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, भगर, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी, हे सगळं चालतं. गहू, रवा, मैदा, दलिया, शेवया, जव अजिबात नाही. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो, म्हणून तेही नाही. ओट्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि बाजारच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे तर मला या वयात कळलं.

वैशालीसाठी तवा, पोळपाट, डबे सगळं वेगळं केलं. महिनाभरात जुलाब कमी झाले. पण पुढं सुधारणा अडली. तीन महिन्यांनी तपासलं तर टीटीजी हवं तसं उतरलेलं नव्हतं. कुठून तरी गहू पोटात जातोय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसल्यावर वैशाली हळूच म्हणाली, "आई, मी चोरून काही खात नाही हो."

खरं सांगते, माझ्या मनात तीच शंका आली होती. मला लई लाज वाटली. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मला ठाऊक आहे. चूक माझ्याच स्वयंपाकात असंल. मी हुडकते."

दोन दिवस मी एकेक डबा उपसला. काही सापडेना. तिसऱ्या दिवशी ज्वारी घेऊन हर्सूलच्या आमच्या नेहमीच्या पिठाच्या गिरणीत गेले. गिरणीवाल्या रफिकभाईंनी माझ्यासमोर कुणाचा तरी गहू दळला आणि त्याच चक्कीत माझी ज्वारी ओतायला लागले. मी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी डबा खाली ठेवला. "चाची, गव्हाचं पीठ चक्कीत राहतंच. कितीबी झटकलं तरी राहतं. पेशंटसाठी माझ्याकडं दळू नका, घरात दळायला घरघंटी घ्या."

स्वतःचं गिऱ्हाईक सोडून त्यांनी खरं सांगितलं, हे मी विसरणार नाही. त्याच आठवड्यात संतोषनं नवी घरघंटी आणली. तिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडलेला नाही. ज्वारीसुद्धा मी आधी ताटात घेऊन निवडते, कारण पोत्यात गव्हाचे दाणे निघतात. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर आधी पीठ कुठं दळलं जातं ते बघा. आणि पेशंटवर संशय घेऊ नका.

त्यानंतर सहा महिन्यांनी टीटीजी बरंच उतरलं. हिमोग्लोबिन अकराच्या पुढं गेलं. आतडं भरून येतंय, असंच चालू ठेवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आदल्या वर्षी वैशाली प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबायची. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर ती फळांची पिशवी घेऊन भराभर वर गेली. दुसऱ्या मजल्यावर मलाच धाप लागली. तिनं वरून वाकून बघितलं.

"आई, थांबू का?"

"नको," मी म्हटलं. "तू हो पुढं."

ती वर गेली. मी कठड्याला टेकून तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहिले.