दगडबाईंचं चौथं उद्दिष्ट

चूक नव्या मास्तरांनी केली. ही हकिकतही तेच लिहिताहेत, तेव्हा त्यांना फार झोडपलं जाणार नाही, हे आधीच धरून चाला.

भूविज्ञानाच्या अभ्यासक्रमाची उद्दिष्टं टाइप करायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. तो विषय शिकवणाऱ्या बाईंचं, म्हणजे दगडबाईंचं, चौथं उद्दिष्ट होतं : 'विद्यार्थी दगड हातात घेऊन, ओरखडून, ओला करून ओळखतील.' हेडसरांना प्रत्येक उद्दिष्ट लेखी परीक्षेत तपासता येणारं हवं होतं. मास्तरांनी अक्कल पाजळली आणि लिहिलं, 'विद्यार्थी दगडांचे प्रकार लिहितील.' बाईंना विचारायचं राहूनच गेलं.

सोमवारी बाईंनी प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं, तर आत फुटबॉल. उभ्या नोकरीत खाणी धुंडाळून जमवलेले दगड गायब.

"दगड कुठेत?"

"हेडसर म्हणाले, आता दगड हातात घ्यायचाच नाही तर कपाट कशाला अडवायचं," शिपाईकाका म्हणाले. "गेटजवळच्या खड्ड्यात टाकले. खड्डा मात्र झकास बुजला, बाई."

बाई चिडल्या की ओरडत नाहीत. आवाज खाली जातो. त्यांनी आठवीचा वर्ग खाली आणला, खड्ड्याभोवती बसवला. "उकरा. न ओळखता एकही दगड उचलायचा नाही."

हेडसर बैठकीला निघाले, तर गाडीपुढे अख्खा वर्ग. "बाई, हा काय तमाशा?"

"चौथं उद्दिष्ट तपासतेय."

एका मुलीने दगडावर थुंकी लावली, वास घेतला. "चिखलासारखा येतोय. शेल आहे, बाई, गाळाचा खडक."

"हे कुठल्या पेपरात विचारणार, सर?"

"पण कागदावर तर..."

"कागदाची वाट लावणारे तुमच्या मागे लपलेत. या मास्तर. ज्या हातांनी टाइप केलंत, त्याच हातांनी उकरा."

मास्तर इस्त्रीच्या पँटीत गुडघ्यांवर बसले. मुलं खुदखुदली, बाई हसल्या नाहीत. हेडसरांनी घड्याळ पाहिलं. "होतं तसं लिहा, कपाटही घ्या. पण मला रस्ता द्या."

फुटबॉल हेडसरांच्या केबिनमध्ये गेले. दगड जागेवर आले, फक्त शिंपला उमटलेला तेवढा सापडला नाही.

"दुसरा आणून देतो," मास्तर म्हणाले.

"खाणीतून. दुकानातून नाही."

मास्तर अजून खाणीत गेलेले नाहीत. बाई कपाट उघडतात, त्या रिकाम्या जागेकडे बघतात आणि मग मास्तरांकडे.