ओढा बुजवायचं आधीच ठरलं होतं

मंडळी, घाटनांदूरजवळच्या आमच्या गावात आज सकाळी ग्रामसभा झाली. ओढ्यात भर टाकून बिल्डरला प्लॉटिंग करू द्यायचं का, हा विषय होता. गावची विहीर याच ओढ्यावर भरते.

मेंढरं राखणाऱ्या कौसाबाईंनी विचारलं, "ओढा बुजल्यावर आमी पाणी कुठनं आणायचं?"

बिल्डर हसून म्हणाला, "टँकर देऊ की, मावशी."

लोक चिडले. सरपंचांनी निर्णय पुढच्या सभेवर ढकलला, तेव्हा हायसं वाटलं.

दुपारी कौसाबाईंचा फोन आला. "हितं जेसीबी चालू हाय. लवकर या."

पळत गेलो. निम्मा ओढा मुरमानं बुजला होता. तहानलेली मेंढरं काठावर उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "मला काहून अडवता, भाऊ? मला कालच सांगितलंय."

कालच ठरलं होतं, तर सकाळी आम्हाला विचारलं कशासाठी?