सत्तावीस सेकंद

आमच्या औषधांच्या गोदामात कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळायचे मामा. सख्खा भाचा एकही नाही, पण साहेब सोडून सगळ्यांचे मामाच. चुकलेलं घड्याळ दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. जेवणाच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा ते डबा उघडण्याआधी स्टुलावर चढून नीट करत.

त्या मंगळवारी शीतकक्ष सांभाळणाऱ्या ताईंना साहेबांनी घरी बसवलं. आत लशी असतात, म्हणून दार पाच मिनिटांपेक्षा जास्त उघडं ठेवायचं नाही. सकाळची नोंद एकवीस मिनिटं दाखवत होती. "तीन मिनिटांत बाहेर आले हो मी," एवढंच ताई म्हणत राहिल्या. घरात कमावत्या त्या एकट्याच.

दार उघडल्याची वेळ बाहेरचा कॉम्प्युटर लिहितो, बंद झाल्याची आतला. मामांनी दोन्हींची घड्याळं ताडून पाहिली. आतलं अठरा मिनिटं पुढे!

"कशावरून सकाळपासून? आत्ताच बिघडलं असेल," साहेब म्हणाले. "आणि नीट करा की. त्याचाच पगार घेता ना?"

मामांनी हात मागे बांधले. "आज नीट केलं तर पुरावाच गेला. उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही."

मामा आणि चुकलेलं घड्याळ तसंच ठेवणार? कपाळाला हात लावून ताप बघायचाच काय तो आम्ही बाकी ठेवला.

बुधवारी त्याच वेळी मोजलं, तर घड्याळ आणखी सत्तावीस सेकंद पुढे पळालेलं. एरवी सगळे कॉम्प्युटर मुख्य सर्व्हरकडून वेळ घेऊन आपली घड्याळं जुळवतात; यानं शेवटची वेळ घेतली, त्याला मंगळवारी चाळीस दिवस झाले होते. रोजचे सत्तावीस धरले, तर बरोबर अठरा मिनिटं. ताई सुटल्या.

"पण वेळ घेणं बंद का पडलं?" साहेबांनी विचारलं.

आम्ही सगळे जमिनीकडे बघू लागलो. चाळीस दिवसांपूर्वी नवी फायरवॉल मामांनीच बसवली होती.

"नको त्या वाटा बंद करताना वेळेची वाटही मीच बंद केली," मामा म्हणाले. "वेळ जुळत नाही, असा रोज स्क्रीनवर इशारा यायचा. पुढच्या आठवड्यात बघू, म्हणून मी मिटवायचो."

तसंच त्यांनी लिहूनही दिलं.

गुरुवारी ताई आल्या. मामा पुढे झाले. "चूक माझी होती, ताई."

"कळलं." ताई हातमोजे चढवत होत्या. "पोरींना सांगितलं, आईला सुट्टी आहे. थोरली म्हणाली, सुट्टीत कुणी रडतं का?"

ताईंनी कार्ड लावलं आणि त्या आत गेल्या. दार लागेपर्यंत मामा तिथेच उभे होते.