देवघराची फळी

ज्ञानदेव ओव्हाळ हा माणूस मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की संतोष आता उगाच गळा काढतोय. मी पुण्यात इंटिरियरची कंत्राटं घेतो. माझ्या हाताखालचे सगळे सुतार मला शेठ म्हणतात. ओव्हाळ संतोषराव म्हणायचे. त्यात चूक काही नाही, पण डोक्यात जायचं.

खडकीच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या बनवल्या. पेटीचं झाकण जरा सैल बसलं तर काय होतं, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात म्हणे. निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, खडकी बाजारात दोन खोल्या घेतल्या. बायको गेली. मुलगी दीपमाला सरकारी नोकरीत, ती म्हणते घरी बसा. पण घरी बसले की यांचे हात थरथरतात आणि करवत हातात आली की थांबतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सदुसष्ट वर्षांच्या सुताराला पुण्यात काम कोण देणार? मी देत होतो. एवढं एकच काय ते मी त्यांच्यासाठी केलं.

आणि दया म्हणून नव्हे हो. त्यांच्यासारखा सांधा कोणाला जमत नव्हता म्हणून. मापाची टेप ते वापरायचेच नाहीत. एक लांब पट्टी घ्यायची, भिंतीला लावायची, पेन्सिलने खुणा करायच्या आणि त्या पट्टीवरून अख्खं कपाट उभं करायचं. एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचाही फरक नाही. मी टेप घेऊन मागे मागे फिरायचो, चूक सापडावी म्हणून. नाही सापडली. बोलायला मात्र महा फटकळ. सकाळी साडेआठला हजर, पाचच्या ठोक्याला पिशवी खांद्यावर. काम सुरू करताना मी नारळ फोडला की हे बाहेर जिन्यात उभे राहायचे आणि प्रसाद पुढे केला की "राहू द्या" म्हणायचे. इतकं साधं "राहू द्या" की भांडताही येत नाही.

गेल्या वर्षी कर्वेनगरला एका फ्लॅटचं काम आलं. मालक अनिरुद्ध, आयटीतला. त्याची आई मालनबाई. आणि डिझायनर वल्लरी. ही पोरगी आल्या आल्या म्हणाली, "दादा, आपल्याला डिस्टिंक्टिव्ह स्पेस क्रिएट करायची आहे." मी म्हटलं, करू की. मग हॉलच्या भिंतीला कच्च्या सिमेंटसारखा लेप द्यायचं ठरलं. जन्मभर लोकांनी सिमेंट झाकायला रंग दिला, आता सिमेंट दिसावं म्हणून रंगापेक्षा महाग लेप. टीव्हीमागे उभ्या पट्ट्यांचं पॅनेल, कारण सध्या सगळ्यांकडे तेच आहे. वेताच्या जाळीची दारं, त्यात धूळ बसणार आणि ती मालनबाईच पुसणार. मी गप्प होतो. मला काय, सांगाल ते करतो.

फ्लॅटमध्ये खरं राज्य मालनबाईंचं होतं. देवघर आधी पॅसेजमध्ये होतं. त्यांनी भिंतीला कान लावला आणि म्हणाल्या, पलीकडे शेजाऱ्यांचं बाथरूम आहे. हलवा. मग ते स्वयंपाकघरात गेलं. तिथे वरच्या माळ्यावर जुन्या चपलांचं खोकं राहणार असं कळलं. हलवा. तिसऱ्यांदा ते पूर्वेच्या भिंतीवर आलं, सागवानी, छातीच्या उंचीवर, वर काही नाही, मागे काही नाही. तीनही वेळा ते ओव्हाळांनी उकललं आणि पुन्हा जोडलं. एक शब्द बोलले नाहीत. मीच त्यांच्यापाशी कुरकुर केली, तर म्हणाले, "त्यांची श्रद्धा आहे. त्यात आपण काय बोलायचं?"

मग एका खोक्यातून ती मूर्ती आली. मूर्ती म्हणजे बुद्धांचं नुसतं डोकं. काळ्या दगडाचं, दीड फुटी, डोळे मिटलेले. वल्लरीने ड्रॉइंग उघडलं. हॉलच्या कोपऱ्यात बार, मागून उजेड पडणारा पातळ दगड, डावीकडे व्हिस्की, उजवीकडे वाइन आणि मधोमध हे. "खूप शांत वाइब येते," ती म्हणाली.

ओव्हाळांनी ड्रॉइंग पाहिलं. मग खोक्यात पाहिलं. "बाकीचं शरीर कुठं आहे?"

"एवढंच असतं, काका. डेकोर पीस आहे."

ती गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "संतोषराव, बार बनवून देतो. पण बुद्धांना बाटल्यांत ठेवायची जागा मी करणार नाही."

"अहो ओव्हाळ, शोपीस आहे ते."

"तुम्हाला."

मी भडकलो. आठवड्यावर ताबा द्यायचा होता. म्हटलं, तुमची नाटकं बास झाली, या वयात दुसरं कोण उभं करणार आहे तुम्हाला? शनिवारपर्यंत बार ड्रॉइंगप्रमाणे झाला पाहिजे, नाहीतर पिशवी उचला आणि खडकी गाठा. त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली. मग म्हणाले, "देवघर तीनदा हलवलं. मी एकदा तरी का म्हणून विचारलं?"

मी आवाज आणखी चढवला. असं मी नेहमीच करतो.

ते काम करत राहिले. बार उभा केला, मधला चौकोन तेवढा कोरा सोडला. शुक्रवारी संध्याकाळी सामान कुलपात ठेवायची वेळ आली. कडी लागेल अशी खोली एकच होती, पाहुण्यांचं बाथरूम. रोज तिथेच सामान ठेवायचो आम्ही. पॉलिशचे डबे, टाइल चिकटवायच्या गोण्या आणि कमोडच्या झाकणावर मूर्तीचं ते खोकं. माझ्या लक्षातही आलं नाही. शपथेवर सांगतो, मुद्दाम नव्हतं. पण मालनबाईंचा बाळकृष्ण असता तर मी तिथे ठेवला असता का? लगेच लक्षात आलं असतं.

ओव्हाळांना हात धुताना ते दिसलं. त्यांनी खोकं उचललं, मूर्ती बाहेर काढली, आपल्या स्वच्छ पंच्याने पुसली. घरभर धूळ, भुसा, डबे. पूर्ण झालेली, पुसलेली, उंचावरची जागा एकच होती. त्यांनी ती देवघराच्या फळीवर ठेवली आणि निघून गेले. मी पाहिलं. उद्या सकाळी काढू म्हणून सोडून दिलं.

सकाळी मालनबाई आमच्या आधी येऊन उभ्या. अनिरुद्धही होता. मी आणि ओव्हाळ बरोबरच आत शिरलो.

"हे इथे कोणी ठेवलं?" मालनबाईंचा आवाज चढलेला नव्हता. पुण्यातली माणसं खरी चिडली की आवाज खाली येतो.

"मी," ओव्हाळ म्हणाले. "बाथरूममध्ये होते. रात्रीपुरते वर ठेवले."

"आई, शोपीस आहे गं," अनिरुद्ध म्हणाला.

"शोपीस बाहेर ठेव, हवं तर तुझ्या त्या बारमध्ये ठेव. माझ्या देवघरात दुसऱ्यांचा देव चालणार नाही." मग माझ्याकडे बघून, "ही फळी काढा. नवीन घाला. आणि पुन्हा या माणसाचा हात इथे लागायला नको."

ओव्हाळांनी पायातल्या चपला काढल्या, पुढे होऊन मूर्ती दोन्ही हातांनी खाली घेतली आणि जपून खोक्यात ठेवली. मग म्हणाले, "बाई, आम्ही बुद्धांना देव म्हणत नाही. देव तुम्ही म्हणालात, आत्ता. मग देव असेल तर बारमध्ये कसा चालतो?"

मालनबाईंनी तोंड फिरवलं. अनिरुद्ध मोबाइल काढून बघायला लागला. आणि मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, कारण सुतार माझा होता.

मी म्हणालो, "ओव्हाळ, उद्यापासून येऊ नका."

त्यांनी पिशवी भरली. रंधा, पटाशी, करवत, एकेक वस्तू फडक्यात गुंडाळून. ती खुणांची पट्टी मात्र घेतली नाही, भिंतीला टेकवून ठेवली. "देवघराचं माप त्यावर आहे. फळी बदलताना लागेल," म्हणाले. मला इतकी लाज वाटली की मी वल्लरीला फोन लावल्याचं नाटक करत गॅलरीत गेलो. जिन्यात त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली तेव्हाच आत आलो.

दुपारी बारमधला चौकोन मी स्वतः केला. मूर्ती मी स्वतः ठेवली. मागचा दिवा लागला, वल्लरीने चाळीस फोटो काढले, त्यांवर लोकांनी मोबाइलवर बदामाची चिन्हं पाठवली.

फळी मात्र मी बदलली नाही. सगळे जेवायला गेले तेव्हा तीच काढली, कडेने रंधा फिरवला, पॉलिशचा एक हात दिला आणि तीच परत बसवली. मालनबाईंना म्हटलं, नवीकोरी आहे. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, म्हणाल्या, "आता कसं बरं वाटतंय." त्याच फळीवर त्यांचे देव बसलेत. रोज फुलं, रोज निरांजन. मला वाटलं, चांगली जिरवली. आठवडाभर मनातल्या मनात हसत होतो.

मग राहवेना. ओव्हाळांना फोन लावला. म्हटलं, ऐका, एक गंमत सांगतो, आणि सगळं सांगितलं. फळी तीच आहे, म्हातारीला पत्ता नाही. ते हसतील असं मला वाटलं होतं. मग म्हणेन, सोमवारी बाणेरला काम आहे, या.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे मला कशाला सांगता, संतोषराव?" ते म्हणाले. "त्या दिवशी त्यांच्यासमोर बोलायचं होतं."