दाढेचं निमित्त

बाबांना ऐकू कमी येतं. एका रविवारी जेवताना त्यांनी तिसऱ्यांदा "काय म्हणालास?" असं विचारलं, आणि मी त्यांच्या कानातलं मशीन ओढून भिंतीवर फेकलं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. पोस्टातल्या पगारावर त्यांनी आम्हा भावंडांना नांदेडहून हैदराबादेत आणून शिकवलं. ते नुसते कानावर हात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्तीला नेलं. दुकानदारानं विचारलं, "ये कैसा टूटा?"

"मेरेच हात से गिरा," बाबा म्हणाले. "बुढापा है."

मी शेजारीच उभा होतो. खरं सांगायचं सोडून वर म्हणालो, "जरा जपून वापरायचं ना, बाबा!" मशीन फेकण्यापेक्षा या वाक्याची मला जास्त लाज वाटते.

घरी बायकोनं सरळ सांगितलं, "या रागासाठी कुणाला तरी दाखवा. नाहीतर बाबांना घेऊन मी तुमच्या ताईंकडे जाते."

चिक्कडपल्लीत एक समुपदेशक बाई होत्या, तेलुगू बोलणाऱ्या. दर शनिवारी जाऊ लागलो. बाबांना सांगितलं, दाढ दुखतेय. ऑफिसातही तेच. बाईंकडचा जिना चढताना कुणी ओळखीचं दिसलं, तर उगाच गालाला हात लावायचो.

पहिल्या दोन भेटींत मी इंग्रजीत बोललो. 'आय लॉस्ट माय टेंपर.' इंग्रजीत ते किती साधं वाटत होतं! तिसऱ्या भेटीत बाईंनी मला थांबवलं.

"घर में कौनसी ज़बान में चिल्लाते आप?"

"मराठीत."

"तो मराठी में बोलो. मेरे को नहीं समजा तो भी चलता."

मी तोंड उघडलं. "मी माझ्या बापावर हात टाकला," एवढंच बाहेर आलं. पुढं रडूच फुटलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

बऱ्याच आठवड्यांनी बाबांनी विचारलं, "दाढ काढली का रे?"

मी खरं सांगायचं ठरवलं, पण त्यांना ऐकू जायला ते मोठ्यानं सांगावं लागलं. "दाढ नाही, बाबा! रागावर इलाज करायला जातो! मशीन मी तोडलं. चुकलं माझं!"

"दाढेचं मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "परवा चकली कडाकडा चावत होतास." मग उठून त्यांनी दार लावून घेतलं. "हळू बोल. शेजारी ऐकतील."

माझीच अब्रू झाकत होते ते, पुन्हा एकदा.

अजूनही जातो मी. राग गेलेला नाही, येतो तेव्हा कळतो एवढंच. मागच्या महिन्यात आवाज चढू लागला, तेव्हा चपला घालून खाली उतरलो आणि विद्यानगरच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. परतल्यावर बायकोनं विचारलं, "कुठं गेला होतात?"

"राग आला होता," मी म्हणालो. एवढं कबूल करतानाही मान वर होत नव्हती.