साळवेची एकनळी

आमची पलटण पीर पंजालच्या उतारावर होती तेव्हा मी हवालदार होतो आणि प्रल्हाद साळवे नाईक. तो खुलताबादच्या पलीकडच्या डोंगराळ गावचा, मी वैजापूर तालुक्यातला. जम्मूच्या पुढं गेल्यावर एवढं नातं पुष्कळ होतं. ट्रेनिंग सेंटरला मी शिकवणारा उस्ताद होतो आणि तो माझ्या स्क्वाडमध्ये रिक्रूट. पुढं आम्ही एका काडीवर बिड्या पेटवायला लागलो, तरी तो मला शेवटपर्यंत ‘उस्ताद’च म्हणाला.

साळवे कंपनीचा कोत एनसीओ होता. कोत म्हणजे हत्यारांची खोली. पत्र्याचं छप्पर, लोखंडी दार, आत लाकडी रॅकमध्ये ओळीनं रायफली आणि सगळीकडं तेलाचा वास. सैन्यात रायफल कुणाच्या मालकीची नसते. ती सही करून घ्यायची आणि सही करून परत द्यायची. प्रत्येक रायफलच्या दस्त्यावर पांढऱ्या रंगात बट नंबर असतो. साळवेला माणसांची नावं एक वेळ आठवायची नाहीत, बट नंबर मात्र सगळे तोंडपाठ. “चौतीसची आई आजारी आहे, त्याला सुट्टी द्या उस्ताद,” असं तो सरळ सांगायचा, आणि मला चौतीस म्हणजे कोण ते शोधावं लागायचं.

त्याचा नियम कडक होता. मॅगझिन काढायचं, कॉक करायचं, चेंबर त्याला दाखवायचं, तो आत बोट घालून बघणार, मग मोठ्यानं ‘खाली’ म्हणायचं. हवालदार असो की सुभेदार, सगळ्यांना तेच. एकदा मी घाईत होतो. लंगरमध्ये त्या दिवशी मटण होतं. मी रायफल टेकवून निघालो.

“उस्ताद, चेंबर.”

“अरे, मी आहे साळवे.”

“तुम्ही हाय म्हणूनच म्हणतोय. दुसरा असता तर शिवी घातली असती.”

मी परत फिरलो आणि चेंबर दाखवलं. तोवर मटण संपलं, नुसत्या रश्शावर भागवलं. त्याच्यावर मी दोन दिवस रागावलो होतो, हेही सांगतो. तिसऱ्या दिवशी घरून आलेला शेंगदाण्याचा लाडू त्यानं माझ्या खिशात टाकला आणि विषय मिटला.

आता त्या घटनेचं सांगतो. आमची प्लाटून दहा दिवसांच्या विश्रांतीसाठी खाली कंपनी हेडक्वार्टरला आली होती. पहाऱ्यावरचा संत्री सोडून सगळ्यांची हत्यारं कोतमध्ये जमा होती. दुपारी १४:२० ला आम्ही व्हॉलीबॉल खेळत होतो. समोरच्या डोंगरधारेवरून फायर आला. पहिला बर्स्ट नेटच्या खांबाला लागला, दुसरा लंगरच्या पत्र्यावर. संत्र्याच्या एलएमजीनं, म्हणजे हलक्या मशीनगननं, जवाब दिला. आम्ही वीस-बावीस जण बनियन-चड्डीवर, हात रिकामे, कोतच्या भिंतीआड.

कोतला दोन कुलपं होती. एक चावी साळवेकडं, दुसरी सुभेदार साहेबांकडं. सुभेदार साहेब सकाळीच बटालियनला गेले होते.

“उस्ताद, तोडू?” साळवेनं विचारलं. त्याच्या हातात गैती, म्हणजे टिकाव होता.

“थांब. साहेबांना विचारतो.”

मी वाकून सिग्नलच्या बंकरकडं पळालो. सेटवर मेजर साहेब मिळाले. ते वरच्या पोस्टवर होते.

“कोब्रा, कोतची एक चावी नाही. कुलूप तोडण्याची परवानगी हवी. ओव्हर.”

“रिपीट. ओव्हर.”

मी पुन्हा सांगितलं. मध्ये खरखर. तिसऱ्यांदा सांगितल्यावर उत्तर आलं, “तोडा. आउट.”

परत आलो तेव्हा कुलूप जमिनीवर पडलेलं होतं. आमची पोरं खंदकात पोहोचली होती आणि जवाबी फायर सुरू होता. साळवे दारात रजिस्टर घेऊन बसला होता. “सही, सही! पळतो कुठं एकोणीस? सही करून जा!” डोक्यावरून गोळ्या जात होत्या आणि हा माणूस सह्या घेत होता. मला त्या परिस्थितीतही हसू आलं. चाळीस मिनिटांनी फायर थांबला. आमचा एक जवान दंडाला जखमी झाला, बाकी सगळे सलामत.

दुसऱ्या दिवशी साळवे स्वतः सीओ साहेबांसमोर उभा राहिला. “साहब, ताला मैंने तोड़ा. हुकुम आने से पहले.” साहेबांनी त्याला सात दिवस एक्स्ट्रा ड्युटी दिली आणि उठून हात मिळवला. ती ड्युटी त्यानं इतक्या थाटात केली की जणू मेडल मिळालंय. त्यानं गैती मारायला पाच मिनिटं उशीर केला असता तर मी आज हे लिहायला नसतो.

ते दिवस मला फार आठवतात. मी आता चिकलठाण्याला एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. पगार वेळेवर होतो, साहेब लोक बरे आहेत. पण सकाळी पाचला जाग येते आणि क्षणभर वाटतं, बाहेर पीटीची शिट्टी होईल. मग पंख्याचा आवाज ऐकू येतो.

साळवे माझ्यानंतर तीन वर्षांनी पेन्शनवर आला आणि गावी शेतीला लागला. डोंगराला लागून चार एकर, मका आणि थोडी तूर. रानडुकरांचा त्रास भयंकर. कळप एकदा मक्यात घुसला की सकाळी नुसता चिखल उरतो. त्यानं पीक संरक्षणाचा परवाना काढला. पोलीस चौकशी, तहसील, कलेक्टर ऑफिस, दीड वर्ष चपला झिजवल्या. शेवटी बारा बोअरची एक जुनी एकनळी घेतली. पहिल्यांदा दाखवायला शहरात आला तेव्हा नवरी मुलगी दाखवावी तशी चादरीतून उलगडली. “उस्ताद, आयुष्यात पहिल्यांदा हत्यार माझ्या नावावर,” म्हणाला.

त्यानं कधी डुक्कर मारलं नाही. रोज सकाळी साडेसहाला बांधावर उभं राहून हवेत एक बार काढायचा. कळप डोंगराकडं पळायचा, मग हा आणि त्याची बायको, कमलवहिनी, शेतात उतरायचे. मी मुक्कामाला गेलो की तो बार मला काढू द्यायचा. नंतर चेंबर बघायचा, अर्थातच. बांधावर बसून चहा, मक्याची भाजलेली कणसं आणि पलटणीच्या गप्पा. माझ्या निवृत्तीतले सगळ्यात चांगले दिवस त्या बांधावरचे आहेत.

मग निवडणूक लागली. आचारसंहिता आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची नोटीस निघते. दर वेळी निघते. आमच्या तालुक्यांतल्या माजी सैनिकांची एक संघटना आहे, मी तिचा अध्यक्ष. या वेळी पोरांनी कुरकुर केली. त्यात पुढं होता लान्स नाईक शेख, खुलताबादचा, सीताफळाची बाग राखतो. तो म्हणाला, “उस्ताद, ज्याला गरज है उसने अर्ज दिया तो कमिटी बंदूक ठेवने देती. सबका अर्ज साथ में देंगे ना. देने में क्या जाता जी?”

मी उखडलो. म्हणालो, “हुकूम म्हणजे हुकूम. आपण फौजी. आपणच सवलती मागायला लागलो तर बाकीच्यांनी काय करायचं? संघटनेचा अर्ज जाणार नाही.” शेखनं माझं ऐकलं नाही. त्यानं एकट्यानं अर्ज दिला.

त्याच संध्याकाळी साळवेचा फोन आला.

“उस्ताद, मका उभाय. अजून पंधरा दिवस तरी लागत्यान. डुकरं लई झालीत. अर्ज करू का जमा करू?”

“जमा कर. ऑर्डर आहे.”

“बरं.”

एवढंच बोलणं झालं. आयुष्यात दोनदा त्यानं मला असं विचारलं. पहिल्यांदा तो माझ्या उत्तरासाठी थांबला नव्हता.

जमा करायला मी त्याच्याबरोबर गेलो होतो, माझ्याकडंही दुनळी आहे. साळवेनं ठाण्यातल्या टेबलासमोर टाच जुळवली, नळी बिजागरीत मोडून, उघडून दाखवली, आत बोट घातलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “खाली!” हवालदार दचकला. “काका, नुसती ठेवा हो तिथं,” म्हणाला. पावतीवरचा बंदुकीचा नंबर साळवेनं दोनदा ताडून बघितला. बाहेर आलो, मिसळ खाल्ली. त्याला हात मोकळे मोकळे वाटत होते, तो सारखा खांद्यावरचा नसलेला पट्टा सारखा करत होता. मी त्याची थट्टा केली.

त्यानंतर नवव्या दिवशी, सोमवारी, सकाळी ६:४० ला तो मक्यात उतरला. हातात काठी आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा. कमलवहिनी बांधावर विळे काढत होत्या. डबा वाजला, कळप पळाला. एक मादी पळाली नाही, तिची पिल्लं आत होती. तिनं साळवेच्या मांडीत सुळा घातला. वहिनींनी लुगड्यानं मांडी आवळली आणि शेजाऱ्याची जीप मिळवली. ७:२५ ला त्यांच्या मुलीचा मला फोन आला. मी चिकलठाण्याहून मोटारसायकलवर निघालो. दौलताबादच्या चढाला दुसरा फोन आला. मी गाडी बाजूला लावली आणि रडलो. गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या. मग उठलो आणि पुढं गेलो.

शेखचा अर्ज मंजूर झाला होता. त्याची बंदूक घरातच होती.

निकालानंतर आम्ही बारा जण निवेदन घेऊन शहरात कलेक्टर ऑफिसला गेलो. यापुढं सरसकट जमा करू नका, प्रत्येकाची गरज बघा, असं त्यात लिहिलं होतं. पहिली सही माझी. मला कायदा नको असं नाही. वरातीत नाचता नाचता बार काढणारे आणि मोबाईलवर पिस्तुलासोबत फोटो टाकणारे मी बघितले आहेत, त्यांच्याकडून खुशाल काढून घ्या. पण वीस वर्षं ज्याच्या ताब्यात तुम्ही सगळ्या कंपनीची हत्यारं दिली, त्याला मक्यापुरती एक नळी ठेवायला तुम्ही संशयितासारखं वागवता, याचा मला संताप येतो. मी तो तिथं बोलून दाखवला. पोरांना वाटत होतं की मी ठासून सांगावं, बंदूक असती तर साळवे वाचला असता.

समोरच्या अधिकारी बाईंनी शांतपणे विचारलं, “त्यांनी सवलतीचा अर्ज केला होता का?”

“नाही.”

“का नाही केला?”

“मी नको म्हणालो म्हणून.”

शेखनं माझ्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी निवेदन घेतलं, पोच दिली.

पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेलो होतो, पण तेव्हा घरात माणसं होती. वहिनींशी बोललो ते महिनाभरानं. मी बांधावर बसलो. मका कुणीतरी काढून दिला होता. बरंच काही ठरवून गेलो होतो, त्यातलं एक वाक्य निघालं.

“वहिनी, मी त्याला जमा कर म्हणालो.”

“म्हाइतेय भाऊजी. मी शेजारीच बसले व्हते.” त्या तुरीच्या शेंगा निवडत होत्या. “मी म्हणलं त्यांना, उस्ताद तिकडं शहरात, डुकरं इकडं. आपलं आपण बघा. तर म्हणले, उस्ताद सांगतोय तर बरोबरच असंल. उस्तादनं मला उभं ऱ्हायला शिकवलंय.”

मी मान खाली घातली. त्यांनी मला दोष दिला नाही आणि माफही केलं नाही. शेंगांचं सूप बाजूला ठेवून त्या आत गेल्या, एक कागद घेऊन आल्या.

“ह्यो अर्ज भरून द्या. बंदूक माझ्या नावावर करायचीय. वारस म्हणून मिळती म्हणं. चालवायला तुम्ही शिकवायचं.”

“तुम्ही चालवणार?”

“मग काय पोरगी येणाराय पुण्याहून रोज सकाळी? डुकरं काय दुखवटा पाळतेत व्हय?” मग म्हणाल्या, “आन् फुडल्या इलेक्शनला मला काय बी सांगायला येऊ नका. माझं मी ठरवीन.”

“नाही येणार,” मी म्हणालो.

पेन काढलं. अर्जदाराचं नाव, वय, गाव, शेताचा गट नंबर, शस्त्र कशासाठी हवं. सगळं स्वच्छ अक्षरात लिहीत गेलो. खाली एक रकाना होता, आधीच्या परवानाधारकाचं नाव आणि सद्यःस्थिती. नाव लिहिलं, नाईक प्रल्हाद साळवे. पुढं हात चालेना. वहिनींनी वाकून कागद बघितला.

“मयत लिहा भाऊजी. लिव्हावंच लागंल.”

मी ‘मयत’ लिहिलं. त्या रकान्यात जागा तेवढीच होती, बाकीचं इथं लिहिलं.