दोन दिवस नागपूर आणि एक चुंगडी तांदूळ

बावीस वर्षांच्या संसारात मी तव्यावरून उतरलेली पोळी बसून खाल्ली नाही, असं मी भांडताना म्हटलं की आमच्या घरी सगळे हसतात. हसा बापा, हसायला काय जाते! पण ते खरं आहे. आधी सगळ्यांना वाढायचं, मग ओट्याशी उभ्यानं थंड घास गिळायचा. बाहेरगावी गेलो तरी कुणाच्या तरी घरी उतरायचं, आणि तिथंही कंबर बांधून मदतीला लागायचं. म्हणून मागच्या हिवाळ्यात धान घरी आलं, हात जरा मोकळे झाले, तेव्हा मी जाहीर केलं, "मले दोन दिवस नागपूरले जाचं आहे. लॉजवर राहाचं, हॉटेलात बसून जेवाचं. पाहुण्याच्या घरी पाय ठेवणार नाही."

यांनी पेपरातून मान वर केली. "काहून? नागपुरात माझी बहीण आहे ना."

"म्हणूनच!" मी म्हटलं.

कॉलेजातल्या लेकीला मात्र उत्साहाचं भरतं आलं. तिनं वहीचं एक अख्खं पान खर्ची घातलं. रविवारी सकाळी कोंढ्याहून निघायचं, वरठीला गाडी धरायची, नागपुरात उतरल्यावर आधी झिरो माईल, दुपारी सावजी मटण, संध्याकाळी फुटाळा तलाव. सोमवारी तर्री पोहे, दीक्षाभूमी, बर्डीच्या बाजारात भटकणं, संत्रा बर्फी घेऊन परत. शनिवार मी मुद्दाम टाळला, कारण शनिवारी आमच्याकडे मटण चालत नाही. यांनी यादीत किल्ला घुसवला, मी खोडला, यांनी पुन्हा लिहिला. मग मटण कोणत्या हॉटेलात खायचं यावर तीन दिवस गेले. यांच्या ओळखीतला प्रत्येक माणूस वेगळं नाव सांगायचा आणि बाकीच्यांना नावं ठेवायचा. माझी चौकशी एकच. "बसायला जागा आहे ना? वाढायला माणूस येते ना?" लेक कंटाळून म्हणाली, "आई, चवीचं तरी विचार!" मी म्हटलं, चव मला माझ्या हातची पुरे आहे, मला वाढणारा हवा आहे.

सासूबाईंना नागपूरचं सांगायचं नाही, असं ठरलं होतं. पण यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. शनिवारी दुपारी मी अंगणात आले तर सासूबाई एका चुंगडीचं तोंड सुतळीनं शिवत बसलेल्या. आत नव्या धानाचा चिन्नोर तांदूळ, पंधरा किलो तरी असेल. आमच्या घरची रीत अशी की नवा तांदूळ आधी देवाला, मग लेकीच्या घरी. आणि तो घेऊन जाणाऱ्यानं लेकीच्या घरी त्याच तांदळाचा भात खाल्ल्याशिवाय उठायचं नाही.

"नागपूरले जाऊन राहिले अन् पोरीच्या घरी रिकाम्या हातानं जाता का?" सासूबाई सुतळी दातानं तोडत म्हणाल्या.

"आम्ही जाऊनच नाही राहिलो तिच्या घरी."

"आता जाऊन राहिले. मी फोन केला तिले. उद्या दुपारी जेवाले येतेत म्हनलं."

झालं! माझं मटण गेलं. सासूबाईंना बोलता येत नाही, म्हणून तो राग मी भांड्यांवर काढला आणि एका गंजाला चांगला पोचा पाडला. "दारातून देऊ अन् निघू," हे म्हणाले. "पाच मिनिटं."

रविवारी मेट्रोच्या तपासणीत ती चुंगडी मशीनमधून गेली तेव्हा तिथल्या पोरीनं विचारलं, "इसमें क्या है?" हे अभिमानानं म्हणाले, "चिन्नोर!" तिला काही कळलं नाही. झिरो माईलच्या खांबाजवळ आम्ही फोटो काढले. यांनी चुंगडी खाली ठेवायला नकार दिला, मुंग्या लागतील म्हणून, त्यामुळे सगळ्या फोटोंत यांच्या खांद्यावर तांदूळ आहे. तेवढ्यात एक गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "चावल कैसे दिए भैया?" मी पोट धरून हसले. रागावायचं ठरवून निघाले होते, पण काय करता!

ननंदेच्या घरी पाच मिनिटांचं काय होतं ते बायांना सांगायला नको. जावईबापूंनी यांना सोफ्यावर बसवलं, टीव्हीचा आवाज कमी केला. ननंदेनं चुंगडी उसवली, ओंजळीत तांदूळ घेऊन वास घेतला, डोळ्यांना लावला आणि धुऊन कुकरात घातला. आणि मी? मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. ओढणी कमरेला बांधून मी तिच्या ओट्याशी कणीक मळत उभी होते.

लेक दारात येऊन म्हणाली, "आई, तू इथंही?"

त्या तीन शब्दांनी मला रडू कोसळलं. कांदाही चिरत नव्हते की त्याच्यावर ढकलावं. ननंद घाबरली. "काय झालं वो वहिनी? दादा काही बोलला का?"

"कोणी काही नाही बोललं," मी म्हटलं. "मले आज बसून जेवाचं होतं, ताई. कोणीतरी वाढलेलं. बस, एवढंच."

मला वाटलं, ती रागावेल. इतक्या मायेनं रांधत होती बिचारी. पण तिनं माझे कणकेचे हात नळाखाली धरले.

"त्या वळणावर सावजीचं हॉटेल आहे," ती म्हणाली. "आठ वर्षं झाली त्याले. दर पंधरा दिवसांनी पार्सल घ्याले मीच जाते. बाहेरच उभी राहते. आत कसं आहे, मी अजून पाहिलं नाही."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिनं पर्स घेतली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन सांगितलं, "दादा, तीन शिट्ट्या झाल्या का गॅस बंद कर. भाजी झाली आहे. नव्या तांदळाचा भात तुमी खाऊन घ्या, मायची रीत होऊन जाईल. आमी दोघी जेवाले चाललो."

लेक आम्हाला ढकलत म्हणाली, "जा तुम्ही. बाबांना शिट्ट्या मोजायला मी शिकवते."

हॉटेलात आम्ही कोपऱ्यातलं टेबल धरलं. तिखट रस्सा आला, तर्री वर आलेली. मग वाढणारा दादा रोट्यांची वाफाळती थाळी घेऊन आला, आणि ती त्याच्या हातून घ्यायला आम्ही दोघी एकदमच उठून उभ्या राहिलो.

"बसा ना ताई," तो म्हणाला. "मी वाढतो."

आम्ही बसलो. त्यानं वाढलं. पहिल्या घासाला जीभ भाजली, तरी मी फुंकर घातली नाही. चार रोट्या झाल्यावर ननंदेनं नाक पुसत विचारलं, "वहिनी, कोणी वाढलं का पोट लवकर भरते का वो?"

"नाही वो ताई," मी म्हटलं, "भरतच नाही." आणि त्या दादाला हाक मारून आणखी दोन गरम रोट्या मागवल्या.